मऊ वस्तू

पहिल्या वेळेस सानिकाने ते फुटबॉल म्हणून सोडून दिलं होतं.

सोडून दिलं होतं म्हणजे 'मंजूर' दाबलं होतं. 'अनुपद'च्या पॅटर्न रूममध्ये दिवसभर तिचं कामच ते. पडद्यावर एकामागून एक बूट उलगडत यायचे, जिभेपासून टाचेपर्यंत सगळे तुकडे सपाट होऊन, सोललेल्या संत्र्याच्या सालीसारखे. ते बघायचे, एखादी रेघ वाकडी गेली असेल तर सरळ करायची, आणि मंजूर. मग पलीकडच्या हॉलमध्ये कटिंग मशीनचं थरथरतं पातं कातड्यावर फिरू लागायचं. गिऱ्हाइकाचं नाव दिसत नसे, नुसता नंबर.

दिवाळीच्या आधी असाच एक जोड आला. त्यात उजव्या बुटाच्या बोटांवरची कडक टोपी, जिला कारखान्यात टो-कॅप म्हणत, ती मशीनने जाड करून दिली होती. फक्त उजव्या. शेजारच्या टेबलावरचा इरफान मुजावर खुर्ची सरकवत आला आणि म्हणाला, "गडी फुटबॉल खेळतोय बघ. आपल्या कोल्हापूरचाच असणार. पेठेतला."

सानिका हसली. टो-कॅपचं वळण मशीनने मोठं देखणं काढलं होतं. तिने मंजूर दाबलं आणि पाळणाघरातून मनूला आणायला धावली.

गुढीपाडव्यानंतर तोच नंबर पुन्हा पडद्यावर आला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की बूट परत का यायचे. सानिकाचे वडील चपला-बूट करत तेव्हा फर्म्यावर, म्हणजे लाकडाच्या त्या पावलावर, कागद चिकटवून त्यावर रेघा काढत, कागद सोलून सपाट करत आणि त्यावरून कातडं कापत. गोल पायाचा सपाट कागद करायचा म्हटलं की कुठेतरी सुरकुती पडतेच. ती कुठे पडू द्यायची आणि कुठे नाही, यातच सगळी कारागिरी. ते आता कॉम्प्युटर करतो, आणि सुरकुती पडू देत नाही. पण माप मात्र बाकी राहतं. पाय काही टेबलावर ठेवलेला नसतो, तो चालतो. म्हणून 'अनुपद'ने बुटाच्या तळात एक पातळ थर घातला. त्यातले कार्बनचे धागे दाबले गेले की त्यांच्यातून वाहणारी वीज बदलते. पाऊल कसं पडलं, किती जोरात, कुठल्या कोनात, सगळं तो थर टिपून ठेवतो. घरी दाराशी एक पाट ठेवायचा आणि बूट काढले की त्यावर ठेवायचे. पाट वाचतो आणि कारखान्याला कळवतो. दर सहा महिन्यांनी जुना जोड परत घेऊन नवा पाठवायचा, आधीच्यापेक्षा जास्त आपला. जिथे घासतं तिथे जागा, जिथे झिजतं तिथे आधार. जाहिरातीत एक म्हातारा डोळे पुसत म्हणायचा, "ह्या बुटाला माझं दुखणं कळतं." आणि खरंच होतं ते. गुडघेदुखीची माणसं पन्हाळा चढून येत होती.

नियम एकच: जसा वापर, तसा पॅटर्न. वापर कसला, हे विचारायची सोय मशीनमध्ये नव्हती. कुणाला सुचलंही नव्हतं.

"तुझा फुटबॉलवाला आला की गं परत," इरफान म्हणाला. मग त्याने मान पुढे काढली. "हे काय? आतनं गादी?"

मशीनने टो-कॅप आणखी कडक केली होती. आणि टोपी व बोटं यांच्यामध्ये मऊ फोमचा थर सुचवला होता, पायाला इजा होऊ नये म्हणून.

"बॉलवाल्याला गादी नको असते," इरफान म्हणाला. तो स्वतः रविवारी खेळायचा. "बॉल कळायला पाहिजे बोटाला. हा कसला खेळाडू?"

तो चहाला गेला. सानिकाने सहसा कुणी उघडत नसे तो आघातांचा पदर उघडला. तिथे सॉफ्टवेअरने प्रत्येक आपटण्यापुढे स्वतःच्या हुशारीने लिहून ठेवलं होतं. पायरी. दगड. दगड. पायरी. आणि मग खाली, पुन्हा पुन्हा: मऊ वस्तू.

चेंडू असता तर रेघ वर जाऊन लगेच सुटली असती, कारण चेंडू निघून जातो. दगड असता तर सुईसारखी चढली असती. ही रेघ चढत होती, मग जरा रुतत होती, आणि थांबत होती. लाथ बसल्यावर ती वस्तू कुठे जात नव्हती. तिला जायला जागा नव्हती. आणि त्या वेळी डावा पाय काय करत होता? फुटबॉलमध्ये डावा पाय लाथेच्या आधी आणि नंतर धावत असतो. हा डावा पाय जमिनीत रोवून, सगळं वजन घेऊन, उभा होता.

 तिने पायाचा पदर उघडला, नुसतं पाऊल. उजव्या पायाच्या करंगळीमागे हाडाचा एक उंचवटा होता, जुनं मोडलेलं आणि वेडंवाकडं जुळलेलं हाड.

ते हाड तिच्या ओळखीचं होतं. ती पहिलीत असताना दादा तिला पाठीवर घेऊन ओढ्यात उतरला होता आणि शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय सटकला होता. पाय मोडला, पण त्याने तिला पाण्यात पडू दिलं नव्हतं. तसाच लंगडत घरापर्यंत आला होता, तिला पाठीवर घेऊन, "रडू नको सान्या, माझा मोडलाय, तुझा नाही," असं म्हणत.

वर्षापूर्वी स्टाफच्या कोट्यातून पहिला जोड तिनेच त्याला घेऊन दिला होता. आई म्हणाली होती, पायताण भेट देऊ नये, वाकडं येतं. म्हणून दादाने हसत हसत तिच्या हातावर एक रुपया टेकवला होता. झालं, भेट नाही, विकत घेतलं!

रविवारी ती मनूला घेऊन मुरगूडला माहेरी गेली.

"आलीस व्हय? आणि पोरीला उन्हातनं आणलीस?" आई दारातच म्हणाली.

दादा ड्यूटीवर निघायच्या तयारीत होता. धैर्यशील नाव, साखर कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर, छातीवर बिल्ला. मनूला बघून त्याने तिला उचलून खांद्यावर घेतली. "माझी वाघीण आली! चल, मामाचा घोडा!" मनू खिदळत त्याचे केस ओढू लागली. दुसऱ्या कुणी ओढले असते तर? सानिका त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"काय बघतीस? तुझेच बूट हायत," तो म्हणाला. "काय बनवलाईसा गं! नवा जोड कधी येतोय?"

"हा फाटला व्हय?"

"फाटतोय कुठला. पण पहिल्या जोडात अंगठा लई दुखायचा माझा. ह्याच्यात काय कळतच न्हाई."

मनूने त्याच्या टकुऱ्यावर थाप मारली आणि तो मोठ्याने हसला. सानिकाने चहाचा कप खाली ठेवला.

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. केतकीवहिनी उभ्याने भाकरी थापत होती, सगळा भार एका पायावर टाकून. निपाणीकडची मुलगी. लग्नात गाणी म्हणून तिने सगळा मांडव हसवला होता.

"वहिनी, दाखव."

"काय दाखवू?"

"जिथं लागतंय ते."

केतकीने तवा उतरवला, गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले. सावकाश, जणू पाहुणीला वाढायचंच आहे. मग भिंतीकडे तोंड करून तिने कुर्ता छातीपर्यंत वर केला.

कमरेपासून बरगडीपर्यंत डाग होते. पिवळे, हिरवे, एक ताजा जांभळा. आणि सगळे एकाच आकाराचे: अर्धगोल, एका बाजूला किंचित निमुळते. टो-कॅपच्या पुढच्या कडेची रेघ. जे वळण सानिकाला दिवाळीच्या आधी देखणं वाटलं होतं, ते वळण.

"आधीचा बूट बरा होता, ताई," केतकी भिंतीकडे बघतच म्हणाली. "एक-दोनदा मारलं की त्यांनाच दुखायचं, मग थांबायचे. आता थांबत न्हाईत."

"आणि दिवाळीनंतर तू मोरीत घसरलीस ते..."

"घसरले न्हवते."

बाहेर मनू आजीजवळ भांडी वाजवत होती. त्या ठणठणाटात सानिकाला थोडा वेळ काही दुसरं ऐकू येईना. दिवाळीनंतर केतकीच्या पोटातलं मूल गेलं होतं. सानिका तेव्हा दवाखान्यात डबा घेऊन गेली होती आणि म्हणाली होती, जपून चालत जा गं, फरशी ओली असते.

"कशावरनं मारतो?"

"कशावरनं म्हणजे? आमटी अळणी. चार्जर सापडंना. फोन का उचलला न्हाई." केतकीने कुर्ता खाली केला आणि वळली. तिचा हात नकळत पोटावर गेला. सानिकाने तो हात ओळखला. दोन वर्षांपूर्वी तिचाही तसाच जायचा.

"परत?"

"कुणाला सांगितलं न्हाई. त्यांना बी न्हाई. ह्यावेळी राहील का ओ, ताई?"

"चल माझ्यासंगं. आत्ता."

"आणि मग? निपाणीला बा न्हाई. आई एका खोलीत राहती. आणि तुमचं म्हणाल तर नणंदेनं भावाचं घर फोडलं म्हणून सगळं गाव तुमच्या नावानं..."

"काय कुजबुज चाललीया?" आई उंबऱ्यात उभी होती. तिने दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. तिला आधीपासून कळलेलंच होतं. "सान्या, पुरुषाचा हात उठतो कधीमधी. त्येचा ढोल वाजवायचा नसतो."

"हात न्हाई उठत त्याचा. पाय उठतो."

"त्यो बघ." आईने माजघरातल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे वडिलांच्या फोटोखाली त्यांचा फर्मा टांगला होता, शिसवी, काळाभोर, टाचेवर खंडेनवमीच्या पूजेचं वाळलेलं हळदकुंकू. "तुझ्या बानं मला त्या फर्म्यानं हाणलंय. म्या कुठं गेले? दसऱ्याला त्याला हळद लावतेच की."

सानिकाने आयुष्यभर तो फर्मा बघितला होता. ते लाकडाचं पाऊल आपल्या आईच्या अंगावरही उमटलेलं आहे, हे तिला आज कळलं.

त्या दिवशी ती वहिनीला तिथेच सोडून परत आली. बसमध्ये मनू तिच्या मांडीवर झोपली. सानिका खिडकीतून उसाची शेतं बघत विचार करत होती, आणि विचार करता करता तिला एक सोपी गोष्ट सुचली. इतकी सोपी की तिला हायसं वाटलं. पहिल्या बुटात त्याचा अंगठा दुखायचा, आणि तो थांबायचा.

मनूने मागच्या महिन्यात तव्याला बोट लावलं होतं. एकदाच. त्यानंतर तवा दिसला तरी "हाऽऽ" म्हणून हात मागे घ्यायची. आई झाल्यापासून सानिकाला वाटायचं की माणूस असाच शिकतो.

सोमवारी तिने दादाचा नंबर उघडला. 'हाताने दुरुस्ती' असं एक बटण असतं, क्वचित वापरलं जाणारं. आधी फोमची गादी काढली. मग टो-कॅपची आतली कड खाली वळवली, थोडीशीच. चालताना बूट चवड्याशी वाकतो, अंगठा मागे राहतो, त्या कडेपर्यंत पोचतही नाही. पण लाथ मारताना पाय बुटात पुढे सरकतो. तो सरकायला हवा तेवढी ढील तिने नाडीच्या छिद्रांजवळ ठेवली. एक बूट, चालायला लोण्यासारखा, आणि मारायला अडकित्ता. तिला स्वतःच्या कौशल्याचं नवल वाटलं. इतकं चोख काम तिने आजवर केलं नव्हतं.

मग तिने पडद्यावर त्या बुटात दादाचा पाय घातला, आणि दादाचीच एक जुनी लाथ चालवून बघितली. अंगठ्याचं हाड आधी पिवळं झालं, मग लाल, मग त्याच्यावर एक काळी चीर उमटली.

तिने ती पुन्हा चालवली. आणि पुन्हा. प्रत्येक वेळी छाती भरून येत होती, बाळ दूर कुठेतरी रडल्यावर दूध दाटून यावं तशी.

"कारण लिही," इरफान मागून म्हणाला. ती दचकली. "दुरुस्ती केलीस ना? कारण आणि नाव टाकल्याशिवाय कटिंगला जाणार नाही."

तिने लिहिलं: अंगठ्याला आधार. खाली नाव. मंजूर.

पलीकडे पातं थरथरलं.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर निरोप आला: जोड पोहोचला, जुना जोड परत घेतला. सानिकाने घास तोंडात घातला आणि तो फिरेना. त्याला लागेल. मग? मग तो कुणाकडे बघेल?

हा प्रश्न तिला सोमवारी पडायला हवा होता.

तिने डबा तसाच ठेवला, अर्धी रजा टाकली, पाळणाघरातून मनूला उचललं आणि बस धरली. रस्ताभर ती वहिनीला फोन लावत होती. वाजत होता, उचलत नव्हतं कुणी.

गल्लीच्या तोंडाशीच तिला ओरडणं ऐकू आलं. पुरुषाचं, जनावरासारखं. समोरच्या घरातली बाई दारात भाजी निवडत होती. तिने सानिकाला बघितलं, सूप उचललं आणि आत जाऊन दार लावलं.

माजघरात दादा फरशीवर बसला होता. डाव्या पायात नवा बूट, उजव्या पायातला बूट काढलेला, मोजा रक्ताने चिकटलेला, अंगठा भलत्याच दिशेला. केतकी कपाटाच्या कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसली होती, दोन्ही हात पोटाभोवती. आई हळदीचा डबा घेऊन उभी होती.

"हिनं केलं!" दादा ओरडत होता. "हिनं बुटात कायतरी घातलं! ठार मारायचं होतं मला, रांडं?"

आणि तो गुडघ्यांवर सरकत पुढे गेला, उजवा बूट हातात घेऊन. टाचेच्या बाजूने त्याने तो केतकीच्या डोक्यात घातला. मग कानावर. मग तोंडावर. बूट आता पायात नव्हता. सानिकाने बोटांचा विचार केला होता, चवड्याचा, नाडीच्या छिद्रांचा. हाताचा केला नव्हता.

"पुरे रं," आई म्हणत होती. "पुरे रं बाळा." जेवताना आणखी एक लाडू घेणाऱ्याला म्हणावं तसं.

सानिकाने मनूला खाली ठेवलं. "दादा! मी केलंय ते! बूट मी कापलाय, माझ्या हातानं! तिचा काय संबंध न्हाई!"

त्याने वळून बघितलं. त्याच्या डोळ्यांत क्षणभर तोच ओढ्यातला मुलगा दिसला. "तू गप, सान्या," तो म्हणाला. "तू न्हाईस तसली." आणि पुन्हा बूट उचलला. केतकीने तोंड झाकायला हात वर घेतले, तेव्हा पोट उघडं पडलं. ते त्याने बघितलं. बुटाची टाच तिकडे वळली.

फर्मा खिळ्यावरून कसा निघाला ते सानिकाला नंतर आठवेना. हाताला त्याची टाच लागली, हळदीने खरखरीत. पहिला घाव दादाच्या मनगटावर बसला आणि ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. बूट पडला. तिथे थांबता आलं असतं. दुसरा तिने खांद्यावर घातला. तिसरा पाठीत. तो आडवा झाला, "सान्या, सान्या" म्हणू लागला, आणि तिने चौथा घातला, कारण मऊ लागत होतं, रुतत होतं, आणि त्याला जायला जागा नव्हती.

"ताई." केतकीने तिचा पाय धरला होता. तिच्या ओठातून रक्त हनुवटीवर ओघळत होतं. "ताई, पुरे. पोरगी बघती."

मनू दारात उभी होती. रडत नव्हती. पायात सानिकाने 'अनुपद'मध्येच करून घेतलेले लाल बूट, तोंडात बोट, डोळे मोठे. ती सगळं बघत होती.

फर्मा खाली पडला.

"भावावर हात टाकलास," आई म्हणाली. ती दादाच्या डोक्याशी बसली होती, हळद त्याच्या कपाळाला लावत होती, जिथे जखम नव्हती तिथेही. "हिला घेऊन भाईर पडलीस तर भाऊबीज संपली. माहेर संपलं. ध्यानात ठेव."

सानिकाने केतकीला उठवलं. एका कडेवर मनू, एका खांद्यावर केतकीचा हात. उंबऱ्यात तिने वाकून तो उजवा बूट उचलला. मग परत आत आली, दादाच्या पायातून डावाही ओढून काढला. तो कळवळला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

पोलीस ठाण्यात फौजदार सरनोबत मॅडम बसल्या होत्या. त्यांनी केतकीला आधी दवाखान्यात पाठवलं, सोनोग्राफी करायला सांगितली, मग सानिकाला समोर बसवलं. तोवर आईचा फोन येऊन गेला होता: मुलीनं मुलाला लाकडानं झोडपलंय, आणि सून घसरून पडलीया.

"घसरून पडलीया, हे तर आमच्याकडं दर आठवड्याला येतं," मॅडम म्हणाल्या. "शेजारी बोलणार न्हाईत. सासू बोलणार न्हाई. आजच्या माराचं म्हणाल तर झटापट झाली म्हणतील. वर्षभराचं तुझ्याकडं काय हाय?"

सानिकाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत बूट होते.

मघाशी बाहेरच्या बाकावरून तिने इरफानला फोन केला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "ऐक. जुने जोड परत आले की लगेच भुकटी होतात. कंपनी आपणहून काय देणार नाही. आता सगळी आठवण त्या नव्या जोडाच्या तळात उतरवलेली आहे, पहिल्या दिवसापासूनची. पण सानिका, त्यात तुझी दुरुस्ती पण आहे. वेळ, नाव, आणि ती लाथ तू किती वेळा चालवून बघितलीस ते सुद्धा. नोकरी तर जाईलच. त्याचा पाय मोडायचा बेत केला म्हणून तुझ्यावर केस होईल. वेदगंगेत टाक जा तो जोड. वहिनीला घेऊन घरी ये."

शेजारच्या दवाखान्यातली नर्स दारातून डोकावली. "बाळाचे ठोके लागतायत," ती म्हणाली. "पेशंट विचारतीया, परत त्याच घरी पाठवणार का म्हणून."

मॅडमनी सानिकाकडे बघितलं. "पुरावा नसंल तर नवरा उद्या येऊन घेऊन जाईल. मी अडवू शकत न्हाई."

सानिकाने पिशवी टेबलावर ठेवली आणि सोडली. दोन्ही बूट शेजारी शेजारी मांडले, टाचा जुळवून, दुकानात मांडतात तसे.

"ह्यात त्याचं सगळं आहे," ती म्हणाली. "आणि माझंही."

पंचनामा लिहून झाला. मॅडमनी वाचून दाखवला: एक जोड काळे बूट, उजव्या बुटात आतील बाजूस कड वळवलेली, सदर दुरुस्ती स्वतः केल्याचे अर्जदार सांगते. "बरोबर? मंजूर?"

सानिकाने मान हलवली आणि सही केली.

दादाला अटक झाली. न्यायालयाने त्याला केतकीच्या जवळ फिरकायला बंदी केली. सानिकाला कारखान्याने घरी बसवलं, आणि तिच्यावरची केस वेगळी उभी राहिली. तिचा नवरा ट्रकवर लांब असायचा. तो फोनवर एवढंच म्हणाला, "हप्ते मी बघतो. तू त्या बाईला पोटभर जेवू घाल." कागलच्या दोन खोल्यांत तिघी राहू लागल्या. केतकीचं पोट दिसायला लागलं. एका कानाने तिला थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून ती आता गाणी जरा मोठ्याने म्हणायची.

एका संध्याकाळी केतकी शेंगा फोडत बसली होती. मनू तिच्यासमोर बाहुलीला जेवू घालत होती. बाहुली काही जेवेना.

"खा," मनू म्हणाली. "खा की."

मग ती उठली. बाहुलीला तिने भिंतीला टेकवून बसवलं, नीट. डावा पाय फरशीवर घट्ट रोवला. आणि उजव्या पायाने, त्या लाल बुटाने, बाहुलीच्या पोटात लाथ घातली. एक. मग आणखी एक.

केतकीच्या हातातली शेंग फुटली नाही.

सानिका दाराशी होती. रोजच्यासारखे मनूचे बूट काढून पाटावर ठेवायची वेळ झाली होती. ठेवले की तळ सगळं सांगणार. सहा महिन्यांनी पॅटर्न रूममध्ये कुणाच्या तरी पडद्यावर एक छोटासा उजवा बूट उलगडेल, टोकाशी जरासा कडक, आतून मऊ गादी, चिमुकल्या बोटांना इजा होऊ नये म्हणून. कुणीतरी वाकून बघेल, हसेल आणि म्हणेल, पोरगी फुटबॉल खेळते वाटतं.

तिने मनूला मांडीवर घेतलं आणि बूट काढला. अंगठा लाल झाला होता.

"लागलं?" तिने विचारलं.

मनूचा खालचा ओठ थरथरला. "लागलं."

"बाहुलीला पण."

मनूने भिंतीकडे बघितलं. बराच वेळ. मग तिने तोंड आईच्या कुशीत लपवलं आणि मुरगूडच्या त्या दुपारपासून राहिलेलं सगळं रडू तिला एकदम आलं. सानिकाने तो लाल अंगठा मुठीत धरून ठेवला, त्याच्यावर फुंकर घालत राहिली, आणि दुसऱ्या हाताने दाराजवळचा पाट भिंतीकडे उलटा करून ठेवला.